चाळीस रुपये आले, बरं का

आमच्या येरमाळ्यात कुणी विचारलं आणि मी ‘फायनान्समध्ये आहे’ असं सांगितलं, की समोरचा आधी आपली मोटारसायकल कुठं उभी आहे ते बघतो. फायनान्सवाला म्हणजे हप्ते थकले की गाडी ओढून नेणारा, एवढीच इथं त्या शब्दाची ओळख. म्हणून मी आपलं ‘कॉम्प्युटरचं काम आहे’ म्हणून सुटका करून घेते. आई मात्र लग्नकार्यात, देवीच्या पायऱ्यांवर, भरल्या एसटीत मोठ्यानं सांगते, “पोरगी फायनान्सला हाय.” एकदा तिनं असं सांगितल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी आठवडाभर गाडी मागच्या दारी, कडब्याआड लावली होती.

खरं काम साधं आहे. दुकानात गिऱ्हाईक फोननं पैसे टाकतं आणि गल्ल्यावरचा छोटा डबा ‘इतके रुपये आले’ म्हणून बोलतो. तो डबा बोलतो कसा, हे ठरवणारा कोड आमच्या पुण्याच्या कंपनीत जी चारपाच माणसं लिहितात त्यांतली मी एक. महिन्यातून दोनदा पुण्याला तोंड दाखवायचं, बाकी दिवस घराच्या वरच्या खोलीत खिडकीला लॅपटॉप लावून बसायचं. पैशाचा मामला असल्यामुळं आमच्यात कोडमधला स्वल्पविराम हलवायचा तरी तिघांची परवानगी लागते. आईला हे पटत नाही. “स्वतःच्या कामात एवढं काय विचारायचं लोकास्नी?” असं ती म्हणते.

गेल्या वर्षी मराठी आवाजावरून घोडं अडलं. कंपनीच्या जुन्या डब्यात एका बाईंचा आवाज होता. मधासारखा गोड. शांत खोलीत ऐकावा तर डोळे मिटतील. पण हायवेच्या कडेला, ट्रकचा हॉर्न आणि मिक्सर एकदम चालू असताना तो कुणालाच ऐकू जाईना. नवं रेकॉर्डिंग करायचं तर मराठीला खर्च जास्त. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि मग तीस, चाळीस अशी दशकं बोलून घेतली की शंभरपर्यंत जोडून जोडून काम भागतं. मराठीत सदुसष्टचं सातशी आणि साठशी बोलणंच तुटलेलं. प्रत्येक आकडा वेगळा बोलून घ्यावा लागतो.

आमच्या मॅडम उत्तरेकडच्या. पुण्यात बरीच वर्षं आहेत, पण त्यांची मराठी भाजीबाजारापर्यंतच. त्यांनी हिंदीत विचारलं, “नुसतं ‘साठ सात’ म्हटलं तर नाही चालणार?”

मी म्हटलं, “चालेल. पण दुकानदार आधी साठ आले म्हणेल आणि मग आणखी सात कुणी टाकले ते शोधत बसेल.”

शेवटी ठरलं, की स्टुडिओचा खर्च मंजूर होईपर्यंत चाचणीपुरता कुणाचाही आवाज घ्यावा, फक्त तो खणखणीत हवा. मीटिंगमध्ये मी हात वर केला. आमच्या घरात आवाजाची टंचाई कधीच नव्हती.

आई तीस वर्षं अंगणवाडीची बाई होती. गावातल्या पस्तिशीच्या आतल्या निम्म्या लोकांना एकपासून शंभर तिनं शिकवले आहेत, तेही ओसरीत बसून, पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनाही ऐकू जाईल अशा सुरात. रेकॉर्डिंगसाठी मी वरच्या खोलीच्या दाराखिडक्यांना गोधड्या, वाकळा लावल्या. आई वर आली ती तोंडाला पावडर लावून आणि ठेवणीतली साडी नेसून.

“आई, नुसता आवाज घ्यायचाय. साडी कुणाला दिसतीया?”

“मला दिसतीया की.”

मी फोन समोर धरला आणि म्हटलं, “म्हण. एक रुपया आला.”

“कुठनं आला?”

“ते नको. तेवढंच म्हण.”

“आन् नुस्तं आला म्हणल्यावर मान्सं गप बसतील व्हय? इचारतील न्हवं कुणी दिला म्हणून.”

पाचसहा आकडे झाल्यावर गाडी रुळाला लागली, पण प्रत्येक वाक्याला एक शेपूट यायचं. “सात रुपये आले, बरं का.” “आठ रुपये आले, बरं का.” मी विनवलं, रागावले, हात जोडले. ती ‘बरं बरं, न्हाय म्हणत’ म्हणायची आणि पुढच्या आकड्याला पुन्हा ‘बरं का’. तीस वर्षं पोरांना सांगताना लागलेली सवय. चौपन्नला खाली भाजीवाली ओरडली, तर हिनं त्याच सुरात “चौपन्न रुपये आले, बरं का, थांब गं, जाऊ नकूस!” असं एका दमात म्हणून टाकलं. ते मात्र परत घ्यावं लागलं. ‘बरं का’ कापायला गेले, तर ते आधीच्या शब्दाला इतकं चिकटलेलं की कापलं की ‘आले’सुद्धा अर्धं जायचं. ठेवून दिलं. चाचणीच तर आहे, म्हटलं.

चार डबे आले. एक मेडिकलला दिला, एक किराणाला, एक देवीच्या रस्त्यावरच्या नारळ-हळदीकुंकवाच्या दुकानाला आणि एक फाट्यावरच्या हाटेलला. हाटेलवाला आता चांगला पोट सुटलेला बाप्या आहे, पण आईच्या हाताखाली शिकलेला. पहिलं गिऱ्हाईक पैसे टाकून गेलं आणि डबा कडाडला, “दहा रुपये आले, बरं का.” हाटेलवाला खुर्चीतून ताडकन उभा राहिला.

“बाई कुठायत?” त्यानं मला विचारलं.

मी डब्याकडं बोट दाखवलं. त्याला खरं वाटेना. तेवढ्यात बाकावरचा एक रिक्षावाला, तोही आईचाच विद्यार्थी, तोंडातला गुटखा गुपचूप बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून परत येऊन बसला. दोन दिवसांत तिथं नवीनच खेळ सुरू झाला. डबा म्हणायचा, “पंधरा रुपये आले, बरं का,” आणि बाकावरची सगळी बाप्ये मंडळी एका सुरात, “पंधराऽऽ!”

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांना साखर निघाली. कळंबच्या डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं आणि अंमलबजावणी आईकडं आली. अण्णा संध्याकाळी ‘देवीला जाऊन येतो’ म्हणून निघायचे आणि परत यायचे ते सदऱ्यावर पाकाचा डाग घेऊन. फाट्यावरच्या हाटेलात भूमकडच्या खव्याचे गुलाबजाम मिळतात, आणि ते सोडून वर देवळापर्यंत पोचायचं म्हणजे अण्णांच्या मानानं फार मोठी तपश्चर्या.

आम्ही रेकॉर्डिंग केलं आणि डबे बसवले, त्या दिवसांत अण्णा भूमला आत्याकडं गेले होते. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. ते एसटीनं परत आले, फाट्यावर उतरले आणि पिशवी घेऊन सरळ हाटेलात शिरले. पुढचं मला हाटेलवाल्यानं सांगितलं, आणि नंतर स्टँडवरच्या प्रत्येकानं वेगवेगळं करून सांगितलं. अण्णांनी दोन गुलाबजाम खाल्ले, वाटीतला पाकही प्यायले, मिशा पुसल्या आणि फोन काढून पैसे टाकले. डबा बोलला, “चाळीस रुपये आले, बरं का.”

अण्णा जागच्या जागी थिजले. मग मान न वळवता, समोर बघतच हळूच म्हणाले, “अगं, एकच खाल्ला. दुसरा ह्याचा व्हता.”

हाटेलवाल्याच्या हातातली कपबशी निसटली म्हणे.

अण्णा घरी आले तेव्हा मी जिन्यात होते आणि आई अंगणात मेथी निवडत होती. अण्णा दारातच थांबून तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “तू आत्ता हाटेलात व्हतीस का?”

आईनं मान वर केली. “म्या कशाला जाईन हाटेलात? तुमी गेल्ता काय?”

अण्णांनी पिशवी खाली ठेवली आणि पाय धुवायला गेले. त्या दिवशी ते फार शहाण्यासारखे जेवले.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण प्रोग्रॅमरच्या हातात एक गंमत लागली, की ती आणखी थोडी पुढं ढकलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चाचणीच्या यादीत आमच्या घरचे फोन नंबर होतेच, त्यात अण्णांचाही. मी एक छोटा नियम लिहिला. हाटेलच्या डब्यावर अण्णांच्या नंबरावरून पैसे आले, तर आकड्यानंतर आणखी एक वाक्य वाजवायचं. ‘जादा संदेश चालतो का, याची चाचणी’ असं त्याला भारदस्त नाव दिलं. परवानगी देणाऱ्या तिघांनी ते नाव वाचलं, मान हलवली आणि पुढं गेले. त्यांतल्या एकालाही मराठी येत नव्हती.

आईला वर बोलावून म्हटलं, “अण्णांना गोड खाताना बघून जे म्हणतेस ते म्हण.”

तिला सराव लागलाच नाही. एका दमात म्हणाली, “पुरे आता. घरी या.”

दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा गेलेच. माणूस बत्तीस वर्षं घाटात एसटी चालवलेला, एका डब्याला थोडाच घाबरणार. गुलाबजाम खाल्ला, पैसे टाकले. “वीस रुपये आले, बरं का. पुरे आता. घरी या.” अण्णा डब्याकडं बघत बसले. मग त्यांनी एक रुपया टाकला. “एक रुपया आला, बरं का. पुरे आता. घरी या.” शेजारच्याला म्हणाले, “तू टाक रे एक रुपया.” त्यानं टाकला. डबा नुसता ‘बरं का’वर थांबला. अण्णांनी आणखी एकदा आपल्या फोननं टाकून खात्री करून घेतली आणि चहा मागवला, बिनसाखरेचा.

मला वाटलं, जिंकले. आठवडा झाला, अण्णांच्या सदऱ्यावर डाग नाही. तरी ते रोज हाटेलात जायचे आणि येताना इतके खूश असायचे, की आईला शंका यायला लागली. शेवटी हाटेलवाल्यानंच मला हसत हसत सगळं सांगितलं. त्याच्याकडं एक कायमचं दुखणं होतं. गावातली पुढारी मंडळी एका चहावर सकाळपासून बाक अडवून बसायची, आणि उठा म्हणायची सोय नव्हती. आता अण्णा कोपऱ्यात बसायचे. कुणाचं बसणं फार लांबलं, की बाकाखाली फोन धरून एक रुपया टाकायचे. “पुरे आता. घरी या.” आईच्या आवाजात ते ऐकलं, की भले भले पुढारी, जे लहानपणी ओसरीत तिच्यापुढं मांडी घालून बसले होते, पँट झटकून उठायचे. एकानं तर म्हणे डब्याला ‘व्हय बाई’ म्हटलं. या सेवेबद्दल अण्णांना चहा फुकट होता.

मी अण्णांना म्हटलं, “अण्णा, हे कंपनीचं यंत्र आहे. असं वापरू नका.”

“मग तू कशाला वापरलंस?” अण्णा म्हणाले.

तो नियम काढून टाकायचं मी ठरवलं, पण काढायलाही तिघांची परवानगी लागणार होती, आणि कारण काय लिहावं ते सुचेना. त्यातच मॅडमचा निरोप आला, की चाचणी कशी चालली आहे ते बघायला उद्या येते.

त्या गाडी घेऊन आल्या. मेडिकल, किराणा, नारळाचं दुकान, सगळीकडं आवाज ऐकून खूश झाल्या. हाटेलात शिरताना मी कोपऱ्यात बघितलं. अण्णा होतेच. मी डोळ्यांनी खुणावलं, ‘नको’. अण्णांनी डोळ्यांनीच उत्तर दिलं, ‘मी काय लहान आहे का?’

मॅडमनी चहा घेतला, पैसे टाकले. “पंधरा रुपये आले, बरं का.” त्यांनी विचारलं, “ये ‘बरं का’ क्या है?”

“इज्जत से बोलने का तरीका है मॅडम,” हाटेलवाला म्हणाला.

मॅडमनी वही काढली आणि प्रश्न सुरू केले. दिवसाला किती गिऱ्हाईक, आवाज कुठपर्यंत जातो, पावसात डबा बंद पडतो का. दुपारची वेळ, देवीहून आलेली माणसं भज्यांसाठी ताटकळत उभी आणि मुख्य बाक मॅडमनी अडवलेला. मी कोपऱ्याकडं बघितलं, तर अण्णांचा हात बाकाखाली. मी ‘अण्णा’ म्हणेपर्यंत डबा कडाडला.

“एक रुपया आला, बरं का. पुरे आता. घरी या.”

हाटेलवाला एकदम भट्टीकडं वळला. त्याची पाठ हलत होती.

“ये क्या बोला?” मॅडमनी मला विचारलं. तेवढ्यात अण्णा उठून पुढं आले. उमेदीत त्यांनी हैद्राबादच्या गाड्या केल्या होत्या आणि तिथली बोली त्यांच्या जिभेवर अजून ताजी आहे.

“मॅडम, पुरे मतलब पूरे,” अण्णा अदबीनं म्हणाले. “पूरे पैसे आ गये. अब घर को तशरीफ लाव, बोल रही है.”

मॅडमचा चेहरा उजळला. “घर बुला रही है! कितना अपनापन है!” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग अण्णांना विचारलं, “आप कौन?”

“गिऱ्हाईक,” अण्णा म्हणाले.

गाडीपर्यंत जाताना मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मॅडम अण्णांचंच कौतुक करत होत्या. गाडी गेली. मी अण्णांकडं वळले, तर ते शांतपणे म्हणाले, “उठल्या का न्हाय?”

सोमवारी एक वाजताच्या मीटिंगमध्ये मॅडमनी सगळ्यांसमोर पडद्यावर तेच वाक्य लावलं. ग्राहकांना आपुलकी वाटावी म्हणून महाराष्ट्रभरच्या सगळ्या डब्यांत ते टाकायचं, असा त्यांचा विचार होता. त्यांनी रेकॉर्डिंग वाजवलं. माझ्या डोळ्यांपुढं कोल्हापूरपासून गोंदियापर्यंतची दुकानं आली, आणि प्रत्येक दुकानातून माझी आई गिऱ्हाइकांना हाकलत होती. कायदा विभागात एक सोलापूरचा मुलगा आहे. तो तेव्हा पाणी पीत होता. आधी खोकल्याचा आवाज आला, मग त्याचा कॅमेरा बंद झाला.

मॅडमनी त्याला नावानं हाक मारली. “क्या हुआ?”

“मॅडम,” तो कसाबसा म्हणाला, “याचा अर्थ तिलाच विचारा.”

मी सांगितलं. वाक्याचा अर्थ, अण्णांची साखर, नियम, एक रुपया, पुढारी, सगळं. सांगता सांगता ‘व्हय बाई’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यापाशी मला हसू आवरेना. मग मॅडमनी हिंदीत विचारलं.

“म्हणजे त्या काकांनी मला घरी जायला सांगितलं?”

“हो, मॅडम.”

“ते ‘गिऱ्हाईक’ कोण होते?”

“माझे वडील.”

मीटिंग तिथंच संपली. संध्याकाळी मला चांगलंच ऐकावं लागलं. पैशाच्या यंत्रात कुणा एका माणसासाठी नियम लिहायचा नसतो, मग तो बाप का असेना, हे त्यांनी शांत आवाजात सांगितलं, आणि शांत आवाजातलं बोलणं जास्त लागतं. नियम काढला, लेखी खुलासा दिला, आणि महिनाभर माझा कोड नेहमीच्या तिघांखेरीज एखाद्या मराठी येणाऱ्यानं तपासल्याशिवाय डब्यात जाणार नाही असं ठरलं. अण्णांना कळल्यावर ते जरा उदास झाले. मला शिक्षा झाली म्हणून की खेळ संपला म्हणून, ते मी विचारलं नाही.

पण चाचणीचा निकाल आला, तेव्हा चारही दुकानदारांनी आईच्या आवाजाला भरभरून पसंती दिली होती. गोंगाटात तो सगळ्यात स्पष्ट ऐकू जात होता. कंपनीला तोच हवा झाला, ‘बरं का’सकट. त्यासाठी आईची संमती पाहिजे होती, आणि झाल्या प्रकारानंतर मॅडमनी ती माझ्यामार्फत न घेता स्वतःच फोन लावला. मी फोन आईच्या हातात दिला आणि स्पीकर चालू केला.

“नमस्कार, आई,” मॅडम जपून जपून मराठीत म्हणाल्या.

“नमस्कार. तुमीच का त्या एक वाजता मीटिंग लावणाऱ्या?”

“जी?”

“माझी पोरगी ताटावरनं उठती. भाकरी गार हुती, कालवण गार हुतं, आन् ही वर लॅपटॉपफुडं मान हलवत बसती. ही काय येळ झाली का मीटिंगची? तुमी सोता कवा जेवता?”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. जेवणाची मराठी मॅडमना येत होती.

“मी... तीन वाजता,” मॅडम म्हणाल्या. “कधी चार.”

“अगं बया!” आई एकदम हळवी झाली. “उपाशीपोटी मान्साला राग येतोच की. त्यात तुमचं काय चुकलं? आदी जेवायची येळ नीट करा. आवाजाचं मग बघू.”

“ये कंडिशन है क्या?” मॅडमनी मला विचारलं.

“व्हय,” आईच म्हणाली.

पुढच्या सोमवारची मीटिंग अडीचला लागली. आईनं कागद वाचून, दोन ठिकाणी प्रश्न विचारून, मग सही केली. मीटिंग सुरू व्हायच्या जरा आधी सोलापूरच्या त्या मुलाचा मला निरोप आला: ‘वेळ कुणी बदलायला लावली ते मॅडमनी सांगितलं. आमच्या साहेबांची शुक्रवारी साडेबाराला मीटिंग असते. आईंचा नंबर मिळेल का?’